अंगणातला आखाडा

आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत तलवारींना जागा आहे, तहांना आहे, किल्ल्यांना आणि सनावळ्यांनाही आहे. परंतु दिवेलागणीपूर्वीच्या घटकाभरात घरच्या अंगणात काय चालले होते, याला त्यात जागा नाही. बाप पोराला खांद्यावर घेऊन धावत होता की ओट्यावर बसून विडी ओढीत होता, आई लेकींबरोबर फुगडीला उभी राहत होती की चुलीपुढून हलतच नव्हती, हे कोणा बखरकाराने लिहून ठेवलेले नाही. वस्तुतः माणसाच्या शरीराचा इतिहास लिहायचा तर त्याचा आरंभ इथूनच व्हायला हवा. शरीर काही रणांगणावर घडत नाही. ते घडते अंगणात, आणि बिघडतेही तिथेच.

डहाणू स्टेशनहून पूर्वेला जव्हारच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात आशागड लागते. या मुलखात मास्तरकी करताना पालकांशी जे बोलणे होते, त्यात एक वाक्य हमखास असते: ‘मास्तर, वेळ कुठे आहे?’ हे वाक्य बोलणारे लोक मात्र दोन जातींचे असतात. एक, पहाटेच्या गाडीने नोकरीवर जाणारे. २०१३ साली मुंबईची उपनगरी गाडी डहाणू रोडपर्यंत आली आणि मुंबईची कचेरी इथल्या माणसाच्या आवाक्यात आली. कोणी बोईसरच्या कारखान्यांत जातो, कोणी वापीला. दिवसाचे तास खुर्चीत आणि गाडीत जातात. पोट सुटते, जिना चढताना धाप लागते. दुसरे, चिकूच्या वाड्यांत, भाताच्या खाचरांत, रस्त्याच्या कामावर राबणारे. त्यांना व्यायामाचा उपदेश करणे म्हणजे पाण्यात उभ्या असलेल्याला आंघोळ कर म्हणण्यासारखे आहे. त्यांचे शरीर हलते, पण संध्याकाळी ते इतके पिळून निघालेले असते की पोराने गळ्यात हात टाकला तरी तो जड वाटतो.

एकाचे शरीर न वापरल्याने कुजते, दुसऱ्याचे दुसऱ्यांनीच वापरून झिजते. पण तक्रार एकच: पोरांसाठी वेळ नाही, आणि स्वतःसाठी तर नाहीच नाही. मला नेहमी वाटते की या दोन तक्रारी मुळात दोन नव्हेत. शरीर राखणे आणि मूल वाढवणे ही कामे एकेकाळी एकत्र होत होती. ती वेगळी कधी झाली, कशी झाली, आणि कुठे पुन्हा जोडली गेली, याचा मागोवा घ्यावा म्हणून हा लेख.

आरंभ पुराणापासून करायला हरकत नाही. भागवताच्या दशम स्कंधात एक कामात गुंतलेली आई आहे. घरच्या दासी दुसऱ्या कामांना लागल्या आहेत, म्हणून यशोदा स्वतःच दही घुसळते आहे. मूल येते, रवी धरते, पुढे दह्याचा डेरा फोडते आणि पळते. मग आई त्याच्यामागे धावते. तिच्या केसांतली फुले गळून पडतात, अंगाला घाम सुटतो, ती दमते, आणि आईची ही दमछाक पाहून मूल शेवटी स्वतःच बांधून घेते. कीर्तनकार यातले अध्यात्म सांगतात, ते सांगोत. मला यात दिसते ते असे की, ज्या कोणी हे लिहिले त्याने धावणारी आई पाहिली होती. घुसळण टाकून पोरामागे धावणे हा घरातला नेहमीचा प्रकार असल्याखेरीज देवाच्या चरित्रात तो असा तपशिलाने आला नसता.

आपल्या संतांनी तर खेळांची एक यादीच जपून ठेवली आहे. एकनाथांच्या भारुडांत फुगडी, पिंगा, हमामा, हुतूतू येतात. तुकारामबोवांच्या गाथेत टिपरी, फुगडी, विटीदांडू, चेंडू, हुतूतू अशा खेळांवर स्वतंत्र अभंग आहेत. प्रपंचाच्या ओझ्याने वाकलेल्या शेतकऱ्याला, वाण्याला, त्यांच्या बायकांना परमार्थ सांगायचा तर तो त्यांच्या रोजच्या व्यवहारातून सांगायला हवा. हे खेळ केवळ पोरांचे असते तर मोठ्यांच्या गळी उतरवायला संतांनी ते निवडले नसते. आणि याचा पुरावा अजून जिवंत आहे. आषाढाच्या वारीत दिंडी विसाव्याला थांबली की पिकल्या मिशांचे म्हातारे एकमेकांचे हात धरून फुगडी घालतात, सासू सुनेबरोबर गिरकी घेते, आणि मधेच एखादे पोर दोघांच्या हातांखालून पळून जाते. तिथे कोणी कोणाला ‘या वयात शोभत नाही’ असे म्हणत नाही. वारीने मोठ्यांच्या खेळण्याला अभय दिले आहे.

बायकांच्या बाबतीत असेच अभय श्रावणाने दिले होते. मंगळागौरीच्या रात्री झिम्मा, फुगडी, बसफुगडी, पिंगा, कोंबडा, गाठोडे हे खेळ चालत. नीट पाहिले तर त्यांत व्यायामाचा एकही प्रकार सुटलेला नाही. बसफुगडीत उकिडवे बसून उड्या मारायच्या, म्हणजे मांड्यांचा कस. गाठोड्यात अंगाची गुंडाळी करून लोळायचे, म्हणजे पाठीचा आणि पोटाचा. साध्या फुगडीत तोल आणि दम दोन्ही. मंगळागौर ही प्रामुख्याने पांढरपेशा घरांतली; कुणब्यांच्या, कोळ्यांच्या, आगऱ्यांच्या घरांत गौरी-गणपतीचे नाच होते. नावे निराळी, पण नियम एक: लेकुरवाळ्या बाई खेळत, आणि लेकरे तिथेच आसपास असत. मूल दुसऱ्याच्या स्वाधीन करून खेळायला जायचे, ही कल्पनाच नव्हती. फक्त हे अभय ठरावीक रात्रींपुरते होते. उरलेल्या दिवसांत जाते, मुसळ आणि पाण्याची कळशी यांच्याशीच तिची झुंज.

पुरुषांच्या बाबतीत वाट लवकर फुटली. त्यांचा व्यायाम अंगणातून उठला आणि तालमीत गेला. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला जे रूप दिले, ते महाराष्ट्राचे भूषणच आहे. पुढे गावोगाव तालमी झाल्या. लाल माती, जोर, बैठका, जोडी, करेला. या तालमींनी गरीब घरच्या किती पोरांना ताठ उभे राहायला शिकवले याची गणती नाही. परंतु तालमीला उंबरठा होता. बायकांना तिथे मज्जाव होता, लहानग्यांना तिथे जागा नव्हती, आणि घरसंसारात पडलेला माणूस हळूहळू तालीम सोडीत असे. लग्न झाले की लंगोट खुंटीला, हे कित्येकांच्या आयुष्याचे खरे वर्णन होते. शरीर कमावणे हे अविवाहिताचे काम, आणि पोर सांभाळणे हे बाईचे, अशी वाटणी झाली. तेव्हापासून बाप हा अंगणात बसून राहणारा प्राणी झाला.

विसाव्या शतकाच्या आरंभी आणखी एक वळण आले, आणि तेही चांगल्या हेतूनेच. पुण्यात १९०६ साली डेक्कन जिमखाना निघाला. १९१४ च्या सुमारास तिथे खो-खोचे नियम बांधले गेले. बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने हुतूतूच्या सामन्यांना १९२३ साली शिस्त लावली. अमरावतीला १९१४ साली सुरू झालेल्या हनुमान आखाड्याचे पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले आणि त्याच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ परक्या लोकांना करून दाखवले. बडोद्याच्याच द. चिं. मजुमदारांनी त्याच वर्षापासून व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड काढले. परक्या राज्याखाली दबलेल्या समाजाने आपल्या मातीतल्या खेळांना क्रिकेटच्या बरोबरीने मान मिळवून द्यावा, यासाठी ही धडपड होती. तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही.

पण प्रत्येक लाभाची एक किंमत असते. अंगणात हुतूतू खेळताना गडी किती, हा प्रश्न नव्हता. जितके जमतील तितके. एखादा चार वर्षांचा पोरगा मधे घुसला तर त्याला लिंबूटिंबू म्हणून घ्यायचे. तो बाद होत नसे, त्याच्यावर राज्य येत नसे, पण तो खेळात असे. आजोबा एका जागी उभे राहून लगोरी रचीत. मैदानावर चुन्याची रेघ आखली गेली तेव्हा गडी मोजले गेले, वय पाहिले गेले, पंच आला, शिट्टी आली. लिंबूटिंबू रेघेबाहेर गेला आणि त्याच्याबरोबर आई-बापही रेघेबाहेर गेले. ते प्रेक्षक झाले. आज शाळेच्या क्रीडादिनाला पालकांसाठी खुर्च्या मांडलेल्या असतात. त्या खुर्च्यांची वंशावळ इथवर मागे जाते.

याच काळात एका माणसाने मात्र व्यायाम पुन्हा घरात आणला, आणि तो माणूस राजा होता. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा जन्म १८६८ चा. चित्रकलेचे मोठे रसिक, स्वतः चित्रकार, कीर्तनकार, १९३५ साली इंदूरला भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. संस्थान लहान, पण कामाचा व्याप दांडगा. तरुणपणी त्यांनी सँडोच्या पद्धतीचा व्यायाम साधनांनिशी वर्षानुवर्षे केला. नंतर १९०८ च्या सुमारास ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि अखेरपर्यंत ते सोडले नाहीत. त्यांनी नमस्कारांवर पुस्तके लिहिली, संस्थानातल्या शाळांत मुलांना आणि मुलींनाही नमस्कार घालायला लावले. पण मला त्यांची सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती ही की, त्यांच्या वाड्यात राणीसाहेब आणि मुलेही नमस्कार घालीत. साधन नको, खर्च नको, अंग पसरण्याइतकी जमीन पुरे. तालमीचा उंबरठा त्यांनी काढून टाकला. १९५१ साली, ऐंशी ओलांडल्यावर, ते वारले. नमस्कार हा खेळ नव्हे, हे खरे. पण आई-बाप आणि मुले एकाच जमिनीवर घाम गाळतात, ही गोष्ट आधुनिक महाराष्ट्रात प्रतिष्ठित करण्याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे.

खेळाच्या बाजूने हेच काम करायला निघालेली माणसे वेगळी होती, आणि त्यांची वाट आमच्या तालुक्यातच येऊन पोचते. तिचे एक मूळ जर्मनीत आहे. फ्रोबेलने १८४० साली ‘किंडरगार्टन’ म्हणजे ‘मुलांचा बाग’ हे नाव रूढ केले, हे बहुतेकांना ठाऊक असते; पण १८४४ साली त्याने मुलांसाठी नव्हे, तर आयांसाठी एक पुस्तक काढले, हे फारसे सांगितले जात नाही. मांडीवरच्या मुलाचे हातपाय हलवत, बोटांनी खेळत, गात आईने काय काय करावे, याची चित्रे आणि गाणी त्यात होती. फ्रोबेलची श्रद्धा अशी की, शिक्षणाचा पहिला वर्ग आईची मांडी आहे. गंमत अशी की, प्रशियाच्या सरकारला १८५१ साली या बालोद्यानांची भीती वाटली आणि त्यांनी ती बंद केली. बंदी उठली १८६० साली. पोरांना मोकळेपणी खेळू दिले तर पुढे ती आज्ञा पाळणार नाहीत, हे राज्यकर्त्यांना शिक्षकांच्या आधी कळते.

भावनगरच्या दक्षिणामूर्तीत गिजुभाई बधेकांनी बालमंदिर चालवले. तिथे १९२३ च्या सुमारास ताराबाई मोडक गेल्या. पुढे १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला, १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झाला. ताराबाईंचे नाव झाले. पण शहरातल्या बालमंदिरांतून येणारी मुले खात्यापित्या घरची होती, आणि हे ताराबाईंना टोचत होते. १९४५ च्या डिसेंबरात त्या बोर्डीला आल्या आणि ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले. तेव्हा त्यांचे वय त्रेपन्न होते. त्यांच्याबरोबर आलेल्या अनुताई वाघ पस्तिशीच्या. बोर्डीत अनुभव असा आला की बालवाडी उघडून बसले तरी गरिबांची मुले येत नाहीत. मग बालवाडीच उठली आणि वस्तीत गेली, अंगणात भरू लागली. अंगणवाडी ती ही. पुढे २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, आणि आज देशभर जो शब्द रूढ आहे, त्याची माती आमच्या तालुक्याची आहे.

सत्तावन्न सालाच्या सुमारास, पासष्टीच्या उंबरठ्यावर, ताराबाई कोसबाडच्या टेकडीवर आल्या. तिथे वारल्यांची मुले. ती का येत नाहीत, याचा शोध घेतला तेव्हा उत्तर सापडले की ती मोकळी नाहीत. मुलगा गुरे राखतो, मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन हिंडते. सहा-सात वर्षांची पोर म्हणजे घरातली आईच. मग शाळा कुरणात भरवली गेली. गुरे चरत आहेत आणि पोरे शिकत, गात, खेळत आहेत, ती कुरणशाळा. तान्ह्यांसाठी पाळणाघर, त्यांच्या पुढच्यांसाठी बालवाडी, म्हणजे थोरली बहीण मोकळी झाली. खेळणी कोणती? बिया, शंख-शिंपले, पाने, दगड. ताराबाई १९७३ साली गेल्या, अनुताई १९९२ साली. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले, याचा आम्हांला अभिमान आहेच. पण अधिक मोलाची गोष्ट त्यांनी दाखवून दिली ती ही की, मूल खेळत नसेल तर त्याचे कारण मुलात शोधू नये, घरच्या कामाच्या वाटणीत शोधावे.

आणि ही वाटणी कोणी केली होती? इथे इतिहासाचे दुसरे पान उघडावे लागते. ज्या १९४५ साली डिसेंबरात ताराबाई बोर्डीला आल्या, त्याच सालच्या मे महिन्यात तलासरीकडच्या झरी गावात वारल्यांची सभा भरली होती. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या किसान सभेने वेठबिगार आणि लग्नगडी या प्रथांविरुद्ध लढा उभारला होता. वेठ म्हणजे जमीनदाराने बोलावले की आपले काम टाकून फुकट राबायचे. लग्नगडी म्हणजे लग्नापुरते कर्ज काढायचे आणि ते फेडण्यासाठी नवरा-बायकोने वर्षानुवर्षे, कधी जन्मभर, सावकाराकडे गडी म्हणून राहायचे. त्याच साली ऑक्टोबरात तलवाडा येथे पोलिसांच्या गोळीबारात माणसे पडली. हा सारा इतिहास गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवला आहे; १९७० साली ते प्रसिद्ध झाले.

या लढ्याची नोंद मजुरी, जमीन, गवतकापणीचे दर अशी केली जाते, आणि ती बरोबरच आहे. मी त्यात एक ओळ घालू इच्छितो. ज्याचा दिवस दुसऱ्याच्या मालकीचा, त्याची संध्याकाळही त्याची नसते. वेठीला गेलेल्या बापाच्या अंगात पोराला उचलून फिरवण्याइतके त्राण कुठून उरणार? वेठ गेली तेव्हा बापाला नुसती मजुरी मिळाली नाही. अंगणातली संध्याकाळ परत मिळण्याची वाट मोकळी झाली. एकाच साली, काही मैलांच्या आत, एका चळवळीने आई-बापांचा दिवस सोडवायला घेतला आणि दुसरीने मुलांचा. दोन्हींची माणसे निराळी, विचारसरणी निराळी. पण खेळासाठी जे दोन मोकळे हात आणि दोन मोकळे पाय लागतात, ते सोडवण्याचेच काम दोघांनी केले.

वारल्यांकडे हे हात मोकळे झाले की काय होते, हे पाहायचे असेल तर भात पिकू लागल्यापासून दिवाळीपर्यंतच्या रात्री पाहाव्यात. तारपा वाजू लागतो. सुक्या दुधी भोपळ्याचे पोट, त्याला बांबूच्या दोन नळ्या, आणि पुढे ताडाच्या पानाचा कर्णा. वाजवणारा मधे, आणि त्याच्याभोवती एकमेकांच्या कमरेला हात घालून बायका-पुरुषांची साखळी. नाचणारे तारप्याकडे पाठ करीत नाहीत. ठेका बदलला की पावले बदलतात, वेग वाढतो, घुंगुरकाठी जमिनीवर आपटते, आणि साखळी शंखासारखी आत वळत जाते. जिव्या सोमा मशे यांनी जगभर नेलेल्या वारली चित्रांत ही साखळी आहे. आशागडच्या पुढेच गंजाड, तिथला हा माणूस. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. चित्रातल्या साखळीच्या शेपटाकडे नीट पाहावे. तिथे लहान आकृतीही दिसतात. पोर चालू लागले की साखळीच्या टोकाला चिकटते. पाय चुकतात, साखळी थांबत नाही, पोर धावत येऊन पुन्हा धरते. चुन्याची रेघ इथे कोणी आखली नाही. तासन्‌तास चालणाऱ्या या नाचाला कोणी व्यायाम म्हणत नाही, पण मांड्या, पोटऱ्या आणि छाती यांना दुसरे नाव ठाऊक नसते.

आता शास्त्र काय म्हणते तेही पाहू. १९५३ साली लंडनच्या जेरेमी मॉरिस नावाच्या डॉक्टराने ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रात एक अभ्यास प्रसिद्ध केला. लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची त्याने तुलना केली. दोघे एकाच गाडीवर, साधारण एकाच थरातले. ड्रायव्हर दिवसभर बसलेला, कंडक्टर दिवसभर जिने चढणारा-उतरणारा. कंडक्टरांना हृदयविकार कमी होता, आणि झालाच तर सौम्य. तालमीत न जाताही, नुसत्या रोजच्या हालचालीने माणूस वाचतो, हे त्यानंतर जगाने मानले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली जे मार्गदर्शन केले, त्यात मोठ्या माणसाला आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सांगितली आहे, किंवा पंचाहत्तर ते दीडशे मिनिटे जोराची. शिवाय दोन दिवस स्नायूंना ताण देणारे काम. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी साठ मिनिटे. आणि त्यात एक बारीक पण फार मोलाची दुरुस्ती आहे. २०१० च्या सूचनांत हालचाल सलग दहा मिनिटे तरी असावी अशी अट होती. २०२० साली ती अट काढून टाकली. दोन मिनिटे धावलात तरी ती जमेस धरली जातात.

ही दुरुस्ती वाचताना मला हसू आले. कारण पोरांचा खेळ दुसऱ्या कोणत्या प्रकारचा असतो? शिवाशिवीत पाच-दहा पावले जीव तोडून पळायचे, मग थांबायचे, हसायचे, पुन्हा पळायचे. लंगडीत एका पायावर अंगाचा भार. लगोरीत वाकायचे, रचायचे, पळायचे. आट्यापाट्यांत पाटी धरून आडवे धावायचे आणि समोरच्याला हुलकावणीवर हुलकावणी. लोण चढेपर्यंत कोणाचे अंग कोरडे राहत नाही. वीस किलोचे पोर पाठुंगळीला घेऊन अंगणाला चार फेऱ्या मारल्या, तर त्याला स्नायूंचा व्यायाम म्हणायला कोणत्या पंचाची परवानगी हवी? आणि पोराच्या वयाबरोबर वजनही वाढत जाते, म्हणजे ओझे वाढवण्याचा हिशेबही निसर्गानेच ठेवला आहे.

कचेरीतून येणाऱ्याला मी एवढेच सुचवीन की, घरी आल्यावर पायांतले बूट काढण्यापूर्वी पंधरा मिनिटे अंगणात, गच्चीवर, चाळीच्या पुढच्या पट्टीत, कुठेही, पोरांच्या ताब्यात जावे. खेळ त्यांनी ठरवावा. दहा दिवस हळू धावावे. बऱ्याच वर्षांनी धावणाऱ्या गुडघ्याला थोडा विसर पडलेला असतो. हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून उतरावे. आई घरी असेल तर तिच्या हातातले काम बापाने घ्यावे आणि तिला अंगणात धाडावे, कारण मंगळागौर वर्षातून काही रात्रीच येते. राबून आलेल्या माणसाला धावायला सांगू नये. त्याने बसल्या जागी पोराला पायांवर झुलवावे, सागरगोट्यांना बसावे, लगोरी रचून द्यावी. त्याच्या शरीराला धावण्याची गरज नाही. पाठ मोकळी होण्याची आणि मन हलके होण्याची आहे. खेळाने तेही होते.

मात्र एवढे सांगून हात झटकणे मला जमणार नाही. कारण आमच्याकडे दिवाळी ही नुसती सणाची तिथी नसते. भात घरात आले, तारपा थांबला की पाड्यांतून गाठोडी निघतात. काम शोधत माणसे भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात, खाडीकडे रेतीवर जातात, आणि पावसाच्या तोंडावर परततात. कधी पोरांना बरोबर नेतात, कधी आजीपाशी ठेवतात. बरोबर गेलेले पोर भट्टीवर भावंड सांभाळते. मागे राहिलेले पोर शाळेत येते, पण त्याच्याशी संध्याकाळी कोण खेळणार? वर्गात दिवाळीनंतर रिकाम्या होणाऱ्या जागा मी दरवर्षी मोजतो. आणि पोटाची गोष्ट तर खेळाच्याही आधीची. १९९२ साली जव्हारकडच्या वावर-वांगणीत कुपोषणाने बालके दगावली, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राला या डोंगरांची आठवण झाली होती. भुकेले मूल खेळत नाही. ते एका जागी बसून राहते, आणि शिकलेली माणसे त्याला शांत म्हणतात.

म्हणून आई-बापांनी मुलांबरोबर खेळावे, हा उपदेश वाटतो तितका साधा नाही. तो सुशिक्षिताला केला तर सवयीचा प्रश्न आहे. मजुराला केला तर रोजगाराचा प्रश्न आहे. रोजगार हमीचे काम पाड्याजवळ मिळाले तर एक बाप घरी राहतो. अंगणवाडीत गरम जेवण वेळेवर शिजले तर एक पोर धावू लागते. ग्रामपंचायतीने गावठाणातली एक मोकळी जागा कुंपण न घालता ठेवली तर दहा घरांना अंगण मिळते. मुलांच्या खेळाला क्रीडांगण लागतेच असे नाही. लागते ती कोणी हुसकून न लावणारी जागा, आणि संध्याकाळी घरी असलेला एक मोठा माणूस.

या दिवाळीतही आमच्या भागात तारपा वाजेल. ज्यांना सवड असेल त्यांनी जरूर यावे. कडेला उभे राहून फोटो काढण्यापेक्षा साखळीत शिरावे. तिथे वय विचारीत नाहीत. पावले चुकली तर शेजारचा हात धरून ठेवतो. आणि ज्यांना येणे जमणार नाही, त्यांनी फराळाचे ताट बाजूला सारून घरच्या पोरांना बोलवावे, आणि राज्य पहिल्यांदा स्वतःवर घ्यावे.